निरोप नेणारा माणूस

मी ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायचे असं सांगितलं की आमच्याकडची माणसं दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "म्हणजे रग्बी ना?" दुसरा, "पण तू तर लंडनकडे राहतेस ना?" पूर्वी मी दोघांनाही बसवून समजावायची, कागदावर मैदान काढून दाखवायची. आता "हो" म्हणते आणि पुढचा घास घेते.

आठ सीझन खेळले, मग गुडघा गेला. गेली तीन वर्षं दक्षिण लंडनमध्ये क्रॉयडनजवळच्या एका क्लबात बायकांच्या दुसऱ्या संघाची कोच आहे. दुसरा संघ म्हणजे पहिल्यात ज्यांना घेत नाहीत त्यांचा. त्यात नर्स आहेत, शिक्षिका आहेत, एक दातांची डॉक्टर आहे. आम्ही जिंकतो कमी, पण शनिवारी वेळेवर येतो. हे सगळं जवळजवळ बंद पडलं होतं आणि ते माझ्यामुळे पडलं असतं. ती गोष्ट सांगायची म्हणून लिहायला बसले आहे.

सुरुवात लंडनच्या पश्चिमेला, मेडनहेड गावात झाली. नवीन नोकरी, नवीन देश, आणि ऑफिसात शेजारच्या टेबलावर मेलबर्नची एक मुलगी. एका शुक्रवारी तिच्या संघात एक जण कमी पडत होती. तिने मला विचारलं, "तुला पळता येतं का?" मी नागपूरला युनिव्हर्सिटीकडून खो-खो खेळलेली. मला पळता येतं का, म्हणे! केवळ राग आला म्हणून मी दुसऱ्या दिवशी मैदानावर गेले.

खेळ तसा सोपा आहे. लंबगोल चेंडू लाथेने मारायचा, नाहीतर एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. फेकायचा नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात, मधले दोन उंच आणि कडेचे दोन बुटके. उंच खांबांमधून मारला तर सहा पॉइंट, बुटक्या बाजूने गेला तर एक. लाथेने आलेला चेंडू कोणी हवेतच झेलला तर सगळे थांबतात आणि झेलणाऱ्याला निवांत मारायला मिळतो. चार क्वार्टर. आमच्या लीगमध्ये नऊ-नऊ जणी. मैदान मात्र एवढं अवाढव्य की एका टोकाची बाई दुसऱ्या टोकाला ओळखू येत नाही.

पहिल्याच मॅचला मी अख्ख्या मैदानाची करमणूक केली. चेंडू हातात घेऊन सुसाट निघाले होते. वाटेत एक मुलगी पडलेली, तिच्यावरून उडी मारताना माझा पाय तिच्या खांद्याला लागला. मग काय, लहानपणापासूनची सवय! मी थांबले, वाकले, तिच्या खांद्याला हात लावला आणि तो हात आपल्या छातीला लावला. चेंडू काखेत. तेवढ्यात दोघींनी येऊन मला आडवं केलं. खाली पडलेल्या मुलीला वाटलं मी तिची विचारपूस करतेय, म्हणून तीच मला "थँक यू" म्हणाली. ही सवय जायला पूर्ण एक सीझन लागला.

पण मी चांगली खेळायचे, हे सांगताना मी लाजणार नाही. माणसांच्या गर्दीतून वाट काढणं मला खो-खोनेच शिकवलं होतं. जमिनीवरचा चेंडू उचलून मी नाहीशी व्हायचे. पुढे आम्ही क्रॉयडनकडे राहायला आलो आणि मी इथल्या क्लबात आले. पाचव्या वर्षी मला कॅप्टन केलं आणि तिथून माझ्या जिभेने खेळायला सुरुवात केली.

आमचे नागपूरचे खो-खोचे सर फार मोठे प्रशिक्षक होते. त्यांनी "बरं" म्हटलं तर आम्ही घरी जाऊन सांगायचो की सर आज बरं म्हणाले. एरवी त्यांच्या तोंडून फक्त चुका निघायच्या, त्याही सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा. घरी आईचं तेच. मुलांना तोंडावर चांगलं म्हटलं की ती शेफारतात, यावर तिची ठाम श्रद्धा होती. मला पहिला नंबर मिळाला तेव्हा ती म्हणाली, "ते ठीक आहे, पण अक्षर बघ." त्यामुळे ज्याच्यावर जीव असतो त्याला आपण रागावतो आणि ज्याचं काही देणंघेणं नाही त्याच्याशी गोड बोलतो, हीच माझी जगाची समजूत. मैदानात मी एखाद्या मुलीवर ओरडले, तर त्याचा अर्थ ती मला आवडते असाच होता. हे तिला कसं कळावं, याचा विचार मी केला नव्हता. मला तर कळायचं!

इथल्या मुलींना पबमध्ये हसत हसत एकमेकींना वाट्टेल ते बोललेलं चालतं. पण भर मैदानात, नाव घेऊन, सगळ्यांसमोर चूक दाखवली की त्या मिटून जातात. काही बोलत नाहीत, "फाइन" म्हणतात आणि पुढच्या शनिवारी येत नाहीत. माझ्या कॅप्टनकीच्या शेवटच्या वर्षी एक नर्स अशीच गेली आणि जाताना दोन मैत्रिणींना घेऊन गेली. ती संघातली सगळ्यात कष्टाळू मुलगी होती. मी तिला विचारलं होतं की तू पाय घरी ठेवून आली आहेस का. मला ते वाक्य गमतीदार वाटलं होतं.

त्याच वर्षी गुडघा फिरला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी खेळ बंद म्हणून सांगितलं. मी दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी क्लबला कळवलं की दुसऱ्या संघाला कोच नाही, तर मी होईन. क्लबचा अध्यक्ष साठीचा आहे, मूळचा पर्थकडचा, छपरं दुरुस्त करतो आणि बोलतो कमी. तो म्हणाला, "तू हो कोच. पण मागच्या सीझनला तुमच्याकडे माणसं नव्हती म्हणून तीन मॅच सोडाव्या लागल्या. यंदा एक जरी सोडलीत तरी दुसरा संघ बंद. मैदान मी दुसऱ्या कोणाला देतो." मग म्हणाला, "मुलींना सांभाळ." त्याने माझ्या जिभेचा उल्लेख केला नाही, पण माझ्या तोंडाकडे बघत होता.

आता रनरबद्दल सांगते. मैदान एवढं मोठं की माझा आवाज नागपूरचा असूनही पलीकडे पोचत नाही, आणि खेळ चालू असताना कोचला आत जायची परवानगी नसते. म्हणून प्रत्येक संघाचा एक रनर असतो. त्याने भडक रंगाचं जाकीट घालायचं, कोचचा निरोप घ्यायचा, पळत जाऊन खेळाडूला सांगायचा आणि पळत बाहेर यायचं. आमच्याकडे या कामाला कोणी मिळेना, तेव्हा माझा नवरा म्हणाला, "मी येतो."

नवरा पुण्याचा. पुणेकर म्हटल्यावर कोणालाही वाटेल की तोडून बोलत असेल. पण आमच्या घरात पुण्याने आणि नागपूरने अदलाबदल केलेली आहे. हा माणूस इन्शुरन्स विकायला फोन करणाऱ्यालासुद्धा "तुमचा दिवस छान जावो" म्हणतो. क्रॉयडनला एका कंपनीत आकडेमोड करतो, ट्राममध्ये म्हाताऱ्यांना जागा देतो, आणि आयुष्यात कॅरमपलीकडे काही खेळलेला नाही. गुलाबी जाकीट घालून, एका हाताने चष्मा धरून तो पळायला लागला की समोरच्या संघाच्या मुलीसुद्धा टाळ्या वाजवायच्या. तो त्यांनाही हात करायचा.

मी त्याला निरोप मराठीत द्यायचे. घाईत मला मराठीच सुचतं, आणि नवऱ्याशी इंग्लिशमध्ये काय बोलायचं? "त्या सहा नंबरला सांग, चेंडू येतो तेव्हा डोळे उघडे ठेव, झोपायचं असेल तर घरी झोप." "त्या उंटिणीला विचार, डावी बाजू तिच्या बापाने विकत घेतलीय का, सारखी तिथेच उभी असते." तो मान हलवायचा आणि सुटायचा. तिथे जाऊन मात्र बराच वेळ काहीतरी बोलत राहायचा. मुलगी ऐकायची, हसायची, कधी माझ्याकडे बघून अंगठा दाखवायची.

"एवढ्याशा निरोपाला एवढा वेळ?" मी विचारायचे.

"इंग्लिशमध्ये लांब होतं ते," तो म्हणायचा.

आणि आश्चर्य म्हणजे सगळं मस्त चाललं होतं. एप्रिल गेला, मे गेला, जून गेला, एकही मुलगी सोडून गेली नाही. जिला चेंडू येताना डोळे मिटायची सवय होती ती डोळे उघडे ठेवायला लागली. मॅच संपल्यावर मुली येऊन मला मिठ्या मारायच्या. मला वाटलं, झालं, शेवटी माझी पद्धत यांना पटली. एकदा जेवताना मी नवऱ्याला ऐकवलंही, "बघ, स्पष्ट बोललेलंच लोकांना आवडतं." तो वरणभात कालवत "हो" म्हणाला.

या संघात माझी सगळ्यात आवडती मुलगी पूर्व लंडनमधल्या इल्फर्डची. जन्म तिथलाच, आजोबा पन्नासएक वर्षांपूर्वी कोल्हापूरहून आलेले. ती प्राथमिक शाळेत शिकवते आणि दर शनिवारी अख्खं लंडन ओलांडून दीड तास प्रवास करून येते. आमच्या खांबांपुढे शेवटची उभी राहते, म्हणजे तिच्या मागे कोणी नाही. तिच्या हातून चेंडू सुटला की गोलच. माझ्याशी ती हट्टाने मराठीत बोलते, "ताई, माझी बूट गाडीत राहिला," अशा मराठीत. मी तिचं मराठी कधी सुधारलं नाही. तेवढी मी तिच्याशी चांगली वागत होते, असं मला वाटायचं.

जुलैमध्ये सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि नवरा दहा दिवसांसाठी पुण्याला गेला. मधल्या शनिवारी मॅच होती. सुट्ट्यांचे दिवस, त्यामुळे दहाच जणी आल्या. मी मोजलं, नऊ हव्यात, दहा आहेत, चला. रनर म्हणून पहिल्या संघातली एक जण आली. तिचा खांदा निखळला होता म्हणून ती रिकामी होती. पूर्वी सैन्यात होती. सांगितलेलं काम सांगितलं तसं करायचं, अशी तिची शिस्त.

आता तिला निरोप इंग्लिशमध्ये द्यायचा होता. मराठीत रागावताना एक लय असते, त्यात आपलेपणा मिसळलेला असतो, निदान मला तो ऐकू येतो. इंग्लिशमध्ये माझ्याकडे तो मसाला नाही. इंग्लिशमध्ये मी नुसती कडू बोलते. पण हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? उलट ती पोर वाऱ्यासारखी जायची, वीस सेकंदांत परत यायची, आणि मी मनात म्हणायचे, बघा, असा असतो रनर!

दुसऱ्या क्वार्टरमध्ये दातांच्या डॉक्टरचा घोटा मुरगळला. ती बाहेर आली, बर्फ लावून बसली. आता बरोबर नऊ. आमच्या लीगचा नियम असा की क्वार्टर सुरू होताना नऊ जणी उभ्या नसतील तर मॅच सोडली असं धरतात. माझं पित्त खवळलेलंच होतं. त्यात इल्फर्डच्या पोरीच्या हातातून एक सोपा चेंडू सुटला. गोल. पाच मिनिटांनी आणखी एक सुटला. मी रनरला म्हटलं, "तिला सांग, लक्ष नसेल तर घरी जा. एवढा झेल माझी आईसुद्धा घेईल."

रनर गेली, सांगितलं आणि परत आली. लांबून मला दिसलं की पोरगी जागेवरच उभी आहे. नंतर तिच्या दिशेने एक चेंडू आला तर तिने हातच वर केले नाहीत.

हाफ टाइम झाला. एरवी मुली माझ्याभोवती येऊन गवतात पसरतात. त्या दिवशी तीन-चार जणी लांबच बसल्या. जी आता डोळे उघडे ठेवायची ती पाण्याच्या बाटलीकडे एकटक बघत होती. इल्फर्डची मुलगी चेंजिंग रूमच्या पायरीवर बसून बूट काढत होती. एक काढून झाला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"मी जाते, ताई."

"कुठे जातेस?"

"घरी. तुम्हीच बोलले ना, घरी जा." तिने वर बघितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. "तुम्ही कधी असा नाही बोलत. दादा रनर असतात तेव्हा तुम्ही किती छान मेसेज पाठवता. आज काय झाला तुम्हाला?"

"कसले मेसेज?"

तिने बॅगेतून फोन काढला. "हे सगळं. मी लिहून ठेवते. शाळेत बॅड डे असला तर वाचते." आणि फोन माझ्या हातात दिला.

इंग्लिशमध्ये, एकाखाली एक, तारीख घालून लिहिलं होतं. कोच म्हणते, चेंडू बुटावरून सुटायच्या आधीच तुला कळतं तो कुठे पडणार. कोच म्हणते, तू मागे आहेस म्हणून पुढच्या आठ जणी न घाबरता खेळतात. कोच म्हणते, मी आठ वर्षं खेळले, पण तुझ्यासारखे हात मला नव्हते. पावसातल्या त्या मॅचची तारीख होती, जेव्हा मी नवऱ्याला सांगितलं होतं की तिला विचार, हाताला तूप लावून आलीस का.

पायरीच्या टोकाला दातांची डॉक्टर पाय वर करून बसली होती. तिला मराठी कळत नाही, पण फोनमधली ती यादी तिला माहीत होती. ती म्हणाली, "मलाही तुझा नवरा म्हणाला होता, कोच म्हणते तू आलीस की संघाला धीर येतो. मी माझ्या नवऱ्याला सांगितलं घरी जाऊन."

माझं डोकं फिरलं. चार महिने हा माणूस माझ्या नावावर वाट्टेल ते खपवत होता! मी इथे घसा फोडतेय, आणि हा तिथे जाऊन गोडाधोडाचं वाटतोय. तो पुण्यात होता हे त्याचं नशीब. मी सांगणारच होते त्या पोरीला, की यातलं एक अक्षरही मी बोललेली नाही.

तोंड उघडलं आणि पुन्हा फोनकडे बघितलं. मी आठ वर्षं खेळले, पण तुझ्यासारखे हात मला नव्हते. हे वाक्य मला ओळखीचं होतं. रविवारी सकाळी मी पोहे करते आणि कालची मॅच पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा सांगते. नवरा ओट्याशी उभा राहून कोथिंबीर निवडतो. तिथेच म्हणाले होते मी हे, हातात झारा घेऊन, जसंच्या तसं. चेंडू बुटावरून सुटायच्या आधी, हेही माझंच. डॉक्टर आली की धीर येतो, हेही माझंच. त्याने एक शब्द पदरचा घातला नव्हता.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. गुडघा कुरकुरला.

"आता तुम्ही म्हणणार मी चांगली आहे," ती म्हणाली. "कारण नऊ पाहिजे तुम्हाला."

खरं होतं. कुंपणाशी अध्यक्ष उभा होता, हाताची घडी घालून. हाफ टाइमची सात-आठ मिनिटं उरली असतील. मला नऊ हव्या होत्या, जीव तोडून हव्या होत्या, आणि म्हणूनच आता मी काहीही चांगलं बोलले तरी ते खोटं वाटणार होतं. मी खिशातून माझा फोन काढला. पुण्यात संध्याकाळ झाली असेल, तो घरीच असेल. तो सांगेल तिला, तो नीट सांगतो.

तिने माझ्या फोनवर हात ठेवला. "दादाला नको. तुम्ही बोला."

एवढ्या वर्षांत मी हजार माणसांना हजार गोष्टी सुनावल्या, पण त्या दिवशीइतकी माझी जीभ कधी जड झाली नाही. शेवटी बोलले. "तुला घरी जायचं तर जा. मी अडवणार नाही. संघ बंद पडला तर तो माझ्या तोंडामुळे पडेल, तुझ्यामुळे नाही. मघाशी जे सांगायला पाठवलं ते वाईट होतं आणि खोटं होतं. मला माफ कर. आणि त्या फोनमध्ये आहे ते माझं आहे. मी ते घरी बोलते, दर रविवारी. तुझे हात बघायला मिळतात म्हणून मला शनिवार आवडतो. हे तुला सांगायला हवं होतं, आणि मी नवऱ्याला सांगत बसले."

"मग मला का नाही सांगितला?"

"मला वाटायचं, सांगितलं की माणूस शेफारतो."

"शेफारतो म्हणजे?"

"म्हणजे लाडावतो. बिघडतो."

तिने नाक पुसलं. "ताई, मी सत्तावीस वर्षांचा आहे. आता काय बिघडणार?"

मला हसू आलं, आणि हसताना रडूही आलं. ते मी लपवलं नाही. तिने काढलेला बूट उचलला, उलटा करून आतलं गवत झटकलं आणि पायात घातला. मी उठले. लांब बसलेल्या मुलींकडे लंगडत गेले आणि वेळ होता तेवढ्यात एकेकीला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. फार काही जमलं नाही. एकीला तर मी "तू चांगली आहेस, म्हणजे बरीच चांगली" एवढंच म्हणू शकले. ती म्हणाली, "कोच, तू ठीक आहेस ना?" सैन्यातल्या रनरला मी सांगितलं की आता निरोप नाहीत, फक्त पाणी ने.

मॅच आम्ही हरलो, अकरा पॉइंटांनी. पण चारही क्वार्टर नऊ जणी उभ्या होत्या आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये त्या पोरीने हवेतून काढलेले चेंडू बघून समोरच्यांचा कोचसुद्धा टाळ्या वाजवत होता. मी ओरडत होते, पण यावेळी काय ओरडत होते ते तिला ऐकू जावं म्हणून. अध्यक्ष जाताना माझ्याजवळ थांबला. "नऊ," एवढंच म्हणाला आणि गाडीकडे गेला. सीझन पूर्ण झाला. संघ आजही आहे.

पुढच्या बुधवारी मी हीथ्रोला नवऱ्याला आणायला गेले. सासूबाईंना आता लांबचं दिसतं आणि त्यामुळे शेजाऱ्यांची धडगत नाही, हे त्याने पार्किंगमध्येच सांगितलं. बॅगेत मेतकूट होतं, त्याचा वास गाडीभर. हमरस्त्यावर आल्यावर त्याने विचारलं, "शनिवारी काय झालं? फोनवर तू नीट सांगितलं नाहीस."

मी सगळं सांगितलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"रागावलीस?"

"खूप."

"मी मनाचं काही नाही सांगितलं," तो म्हणाला. "तुझंच होतं."

"आणि मी तिथे जे सांगायची, ते?"

"तेही सांगायचो की. डोळे उघडे ठेव, डावीकडून सरक. बाकीचं गाळून." मग म्हणाला, "तू घरी त्यांच्याबद्दल बोलतेस ना, तेव्हा फार छान बोलतेस. मला वाटायचं, हे त्यांनी ऐकायला हवं."

मला हसू आलं. मग पुढे गाडी चालवताना एक गोष्ट ध्यानात आली आणि हसू थांबलं. मुलींबद्दल मी याच्यापाशी बोलते. याच्याबद्दल मी कोणापाशी बोलते? कोणापाशीच नाही. चौदा वर्षांच्या संसारात मी त्याला त्याच्या चुका मात्र न चुकता ऐकवल्या, आणि त्याला माझा निरोप नेऊन देईल असा माणूस कुठे नव्हता.

हमरस्ता सोडून आम्ही क्रॉयडनच्या वाटेला लागलो होतो. सिग्नल लाल झाला. मी गाडी थांबवली.

"ऐक," मी म्हणाले. "तू नसतास तर तो संघ मे महिन्यातच मोडला असता. आणि दहा दिवस मला घरात करमलं नाही. पोहेसुद्धा केले नाहीत. तू फार चांगला माणूस आहेस आणि तू मला फार आवडतोस."

तो समोर सिग्नलकडे बघत होता. निरोप घेताना हलवतो तशी त्याने मान हलवली.

"कोणाला सांगायचंय?" त्याने विचारलं.

"तुला," मी म्हणाले. "तुलाच."